थर्मोप्लास्टिकची शीट दाबून कशी घडवावी

कोल्हापूर परिसरातील शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल येथील औद्योगिक वसाहतींमध्ये हायड्रॉलिक प्रेस ही नवलाईची वस्तू नाही. रबराचे बुश, ऑइल सील, बेकेलाइटच्या मुठी असा माल दाबून काढणारे अनेक कारखाने येथे आहेत. त्यामुळे फाउंड्रीच्या वाळूच्या हॉपरला आतून लावायचे पॉलिएथिलीनचे लाईनर, म्हणजे अस्तर, किंवा इचलकरंजीच्या मागावरील पिकरसाठी (धोट्याला फटका देणाऱ्या ठोकळ्यासाठी) लागणारी जाड शीट आपल्याच प्रेसवर काढता येईल, असे एखाद्या कारखानदाराला वाटणे स्वाभाविक आहे. ती तशी काढता येतेही. मात्र रबर आणि बेकेलाइटच्या कामात मुरलेली एक सवय येथे मोडावी लागते, ती म्हणजे माल गरम असतानाच साचा उघडण्याची.

बेकेलाइटसारखा थर्मोसेट 150 ते 180 अंश सेल्सिअसच्या गरम साच्यात जातो, तिथे त्याची रासायनिक क्रिया पूर्ण होऊन तो कायमचा घट्ट होतो आणि गरम असतानाच बाहेर येतो. साचा दिवसभर त्याच तापमानावर ठेवता येतो. थर्मोप्लास्टिकमध्ये अशी क्रिया होत नाही. ते उष्णतेने वितळते आणि थंड झाल्यावरच घट्ट होते, म्हणून प्रत्येक शीटसाठी साचा एकदा तापवावा आणि एकदा थंड करावा लागतो. वेळ आणि वीज दोन्ही यात खर्च होतात, आणि याच कारणाने बादल्या, डबे, झाकणे असा पातळ माल या पद्धतीने काढणे सहसा परवडत नाही; तो इंजेक्शन मोल्डिंगवर काढावा. अपवाद आहेत. ग्रामोफोनच्या विनाइल तबकड्या वाफेने तापवून आणि लगेच पाण्याने थंड करून दाबल्या जातात आणि एक तबकडी अर्ध्या मिनिटाच्या आसपास निघते. परंतु तबकडीची जाडी जेमतेम दोन मिलिमीटर असते, हे विसरू नये.

कोणता माल या पद्धतीला योग्य

या पद्धतीचा खरा धनी म्हणजे अतिउच्च रेणुभाराचे पॉलिएथिलीन, ज्याला बाजारात यूएचएमडब्ल्यू म्हणतात. त्याचा रेणुभार साधारण 30 लाखांपासून 60 लाखांपर्यंत असतो. त्याच्या रेणूंच्या साखळ्या इतक्या लांब असतात की 135 अंशांच्या आसपास त्यातील स्फटिक वितळल्यानंतरही तो वाहत नाही, नुसता रबरासारखा मऊ आणि अर्धपारदर्शक होतो. नेहमीच्या इंजेक्शन मशीनचा स्क्रू त्याला पुढे ढकलू शकत नाही. म्हणून त्याची पावडर साच्यात भरून, दाबाखाली तापवून कणाला कण जोडणे किंवा रॅम एक्स्ट्रूजनने ती दट्ट्याने लांब नळीतून रेटणे, हेच दोन मुख्य मार्ग उरतात. झीज कमी, आघात सोसण्याची ताकद मोठी आणि पृष्ठभाग निसरडा, या गुणांमुळे ओली वाळू चिकटणाऱ्या हॉपरला आणि धोट्याचा मार खाणाऱ्या पिकरला तो मानवतो. पूर्वी पिकर कच्च्या चामड्याचे असत. फाउंड्रीवाल्यांना मात्र एक गोष्ट आधीच सांगावी: सतत 80 अंशांच्या वर राहणाऱ्या वाळूला हे लाईनर देऊ नये. परत आलेली वाळू थंड न होता थेट हॉपरमध्ये पडत असेल, तर लाईनर फुगून बोल्टांपाशी उचलला जातो.

साधे एचडीपीई, म्हणजे उच्च घनतेचे पॉलिएथिलीन, आणि पॉलिप्रॉपिलीनही दाबता येतात. एचडीपीईसाठी 170 ते 200 अंश आणि पॉलिप्रॉपिलीनसाठी 190 ते 220 अंश तापमान पुरते, कारण पॉलिप्रॉपिलीन 160 ते 165 अंशांच्या आसपास वितळते. नायलॉन हवेतील ओल शोषून घेते. जून ते सप्टेंबर या काळात उघड्या पोत्यातील नायलॉन 80 अंशांवर काही तास वाळवल्याशिवाय साच्यात टाकल्यास शीटमध्ये बुडबुडे ठरलेले आहेत. पॉलिएथिलीन ओल शोषत नाही, परंतु काळ्या रंगासाठी कार्बन मिसळलेली पावडर थोडी ओल धरते.

यापुढील विवेचन यूएचएमडब्ल्यूची 300 मिमी लांब, 300 मिमी रुंद आणि 12 मिमी जाड शीट समोर ठेवून केले आहे. इतर मापांसाठी हाच हिशेब वापरता येईल.

प्रेसचा हिशेब

300 बाय 300 मिमी म्हणजे 900 चौरस सेंटिमीटर क्षेत्रफळ. मालावर प्रति चौरस सेंटिमीटर 70 किलो दाब हवा असेल, तर 63,000 किलो, म्हणजे 63 टन बल लागते. प्रेसच्या रॅमचा (तेलाच्या दाबाने सरकणाऱ्या दट्ट्याचा) व्यास 200 मिमी असेल, तर त्याचे क्षेत्रफळ 314 चौरस सेंटिमीटर भरते आणि गेजवर प्रति चौरस सेंटिमीटर साधारण 200 किलोचा दाब दिसायला हवा. गेजवरील आकडा तेलाचा असतो, मालावरचा नसतो. हा भेद ऑपरेटरला एकदा कागदावर मांडून दाखवावा आणि प्रत्येक साच्यासाठी गेजचा वेगळा आकडा प्रेसवरच रंगवून ठेवावा. जुनी 60 टनांची प्रेस घेऊन 63 टनांचे काम काढण्याचा मोह टाळून शीटचे माप थोडे कमी करावे.

तापवण्यासाठी किती वीज लागेल, याचाही अंदाज आधी घ्यावा. 400 बाय 400 बाय 50 मिमीच्या दोन पोलादी प्लॅटनचे, म्हणजे साच्याच्या वर-खाली बसणाऱ्या तापत्या प्लेटांचे, वजन सुमारे 125 किलो होते. ते 30 अंशांवरून 200 अंशांपर्यंत नेण्यास जवळपास 2.9 युनिट वीज लागते. साच्याचे वजन आणि हवेत जाणारी उष्णता धरल्यास, तासाभरात काम सुरू करण्यासाठी पाच ते सहा किलोवॉटचे हीटर बसवावेत. हीटरची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते, त्यामुळे 230 ऐवजी 200 व्होल्ट आले की उष्णता जवळजवळ एक चतुर्थांशाने घटते. ज्या दिवशी व्होल्टेज पडलेले असेल, त्या दिवशी घड्याळावर विसंबून न राहता तापमान पाहूनच पुढची पायरी घ्यावी. प्लॅटन आणि प्रेसचे अंग यांच्यामध्ये अभ्रकाचा बोर्ड घालावा, म्हणजे रॅमच्या सीलपर्यंत उष्णता पोहोचत नाही. जुन्या प्रेसमध्ये या जागी बहुधा ॲस्बेस्टॉस असते. ते कोरडे खरवडू नये, ओले करून, मुखपट्टी लावून काढावे आणि पुन्हा तेच बसवू नये.

तापमान मोजणाऱ्या थर्मोकपलची परीक्षा उकळत्या पाण्यात सहज घेता येते, फक्त कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारे साडेपाचशे मीटर उंच असल्याने येथे पाणी 98 अंशांच्या आसपास उकळते, एवढे ध्यानात ठेवावे. कंट्रोलरवर 98 दिसले, तर तो बरोबर आहे. ते 100 करण्याच्या नादात चांगले यंत्र बिघडवू नये. त्यानंतर दोन्ही प्लॅटनवर कोपरे, कडांचे मध्य आणि केंद्र अशा नऊ ठिकाणी पृष्ठभागाचे तापमान घ्यावे. कडा नेहमी थोड्या थंड असतात, पण फरक पाच अंशांच्या पुढे गेल्यास हीटरची मांडणी बदलावी लागते. अन्यथा शीटच्या मध्यभागी पावडर जुळते आणि कोपऱ्यात ती कच्ची राहते.

साचा आणि भरण

थर्मोप्लास्टिकच्या शीटसाठी दोन प्रकारचे साचे वापरतात. पहिल्यात नुसती चौकट असते आणि वर-खाली दोन सपाट प्लेटा येतात. जास्तीचा माल फ्लॅश होऊन बाहेर पडतो. नमुन्याच्या पातळ शीटसाठी आणि वाहणाऱ्या एचडीपीईसाठी ही चौकट पुरेशी ठरते. जाड शीटसाठी, आणि यूएचएमडब्ल्यूसाठी तर निश्चितच, दट्ट्याचा साचा हवा, म्हणजे खालचे घर खोल आणि वरचा पंच त्यात उतरणारा. यामागील कारण साधे आहे. पॉलिएथिलीन 200 अंशांवरून थंड होताना त्याचे आकारमान सुमारे वीस टक्क्यांनी घटते. चौकटीच्या साच्यात वरची प्लेट चौकटीवर टेकली की प्रेसचा सगळा भार चौकट घेते आणि आतला माल आक्रसत असताना त्यावर दाबच उरत नाही. दट्ट्याचा पंच मात्र मालाच्या मागोमाग खाली सरकत राहतो.

वजन असे काढावे. 30 गुणिले 30 गुणिले 1.2 सेंटिमीटर म्हणजे 1,080 घन सेंटिमीटर, घनता 0.93 धरल्यास पावडर 1,004 ग्रॅम, व्यवहारात एक किलो. सैल पावडरची घनता 0.45 च्या आसपास असल्याने हीच पावडर साच्यात सुमारे 25 मिमी उंच भरते, वितळल्यावर तिची जाडी जवळजवळ 15 मिमी होते आणि थंड शीट 12 मिमीच्या आसपास निघते. घराची खोली म्हणून किमान 40 मिमी ठेवावी, म्हणजे पंच प्रथम पंधरा मिमी आत बसून नीट मार्गाला लागतो. पंच आणि घर यांच्यातील फट प्रत्येक बाजूला 0.1 ते 0.2 मिमी असावी. त्याहून कमी ठेवल्यास हवा निघत नाही आणि पंच अडकतो. लांबी-रुंदीतही दोन ते तीन टक्के आक्रस येतो, त्यामुळे 300 मिमीच्या साच्यातून निघालेली शीट सहा ते नऊ मिमीने आखूड भरते. गिऱ्हाईकाला पूर्ण 300 मिमी हवे असल्यास साचा मुळातच मोठा घ्यावा. ईएन-8 पोलाद या कामाला पुरते. आतील बाजूंना किंचित उतार आणि चांगले पॉलिश द्यावे.

पावडर वजन करूनच भरावी आणि सरळ पट्टीने समतल करावी. यूएचएमडब्ल्यू वाहत नसल्याने पावडरचा ढीग जिथे उंच, तिथे शीट दाट आणि दुसरीकडे विरळ होते. वितळल्यावर ती आपोआप सारखी होईल ही आशा व्यर्थ आहे. वर-खाली टेफ्लॉनचे कापड किंवा पॉलिएस्टर फिल्म घालावी. सिलिकॉनचा फवारा काम भागवतो, पण त्याच शेडमध्ये रंगकाम होत असेल, तर तो टाळलेला बरा, कारण सिलिकॉनचे कण बसलेल्या पत्र्यावर रंग डोळे पडल्यासारखा फाटतो.

तापवणे

साचा बंद करून प्रथम थंड अवस्थेतच प्रति चौरस सेंटिमीटर 70 ते 100 किलोचा दाब काही मिनिटे द्यावा, मग सोडावा आणि पुन्हा द्यावा. कणांमधील हवा याच वेळी बाहेर काढावी लागते. पावडरचा बाहेरचा थर एकदा वितळला की आतील हवेचा मार्ग बंद होतो आणि ती शीटमध्ये पांढऱ्या डागांच्या रूपाने राहते. त्यानंतर दाब 30 ते 50 किलोवर आणून प्लॅटन 200 अंशांवर न्यावेत.

जाडी आणि वेळ यांचे नाते वर्गाचे आहे: जाडी दुप्पट झाली की गाभा तापायला चौपट वेळ लागतो. 12 मिमीच्या शीटसाठी साचा 200 अंशांवर पोहोचल्यानंतर 25 मिनिटांपासून सुरुवात करावी आणि 24 मिमीसाठी 50 मिनिटे पुरतील असे समजू नये. पहिल्या शीटच्या वेळी गाभ्यात बारीक थर्मोकपल घालून तिथे 180 अंश केव्हा येतात हे पाहून ठेवावे. ती शीट वाया जाते, परंतु त्यावरून पुढच्या सर्व शीटचा वेळ ठरतो. घाईने तापमान 220 अंशांच्या वर नेल्यास पृष्ठभाग पिवळट होतो आणि मालाची आघात सोसण्याची शक्ती घटते.

तापवताना वळवाच्या पावसाने वीज गेली, तर बेकेलाइट वाया जाते, तसा हा माल वाया जात नाही. साचा न उघडता तसाच ठेवावा आणि वीज आल्यावर गाभा पुन्हा 180 अंशांपर्यंत पोहोचू द्यावा.

थंड करणे

शीट चांगली की वाईट, हे बहुतांशी येथे ठरते. तापमान उतरवण्यास सुरुवात करण्यापूर्वी दाब 70 ते 100 किलोपर्यंत वाढवावा आणि तो शेवटपर्यंत टिकवावा. माल आक्रसतो तसा गेजचा काटा खाली येतो. ऑपरेटरने प्रेसपाशी थांबून तो पुन्हा पुन्हा वर आणला पाहिजे किंवा पंप आपोआप सुरू होईल अशी व्यवस्था केली पाहिजे. वाहत्या थर्मोप्लास्टिकमध्ये या टप्प्यावर दाब गेल्यास पृष्ठभागावर खळगे पडतात. जाड यूएचएमडब्ल्यूमध्ये पोकळी आतच राहते आणि ती मिलिंगवर कापताना उघडी पडते, तोवर गिऱ्हाईकाचे पैसे आणि वेळ दोन्ही गेलेले असतात. थंड होतानाच वीज गेल्यास चेक व्हॉल्व्ह (तेल मागे जाऊ न देणारी झडप) दाब काही काळ धरतो, पण माल आक्रसत राहिल्याने तो हळूहळू पडतोच. म्हणून प्रेसला हाताने चालणारा पंप जोडून ठेवावा. तो स्वस्त असतो आणि वर्षातून चार वेळा उपयोगी पडला तरी किंमत वसूल होते.

200 अंशांच्या प्लॅटनमध्ये एकदम पाणी सोडू नये. पाण्याची क्षणात वाफ होते, नळ्या उडतात आणि हात-तोंड भाजते. सुरुवातीला दाबाची हवा सोडून तापमान 120 अंशांच्या खाली आणावे आणि नंतर पाणी थोडे थोडे सोडावे. बाहेर पडणारी नळी धातूची असावी, तिचे तोंड माणसांच्या वाटेपासून दूर वळवलेले असावे आणि ती कधीही बंद करता येऊ नये. बोअरचे जड पाणी वापरल्यास नळ्यांमध्ये क्षार साचून एका बाजूचे थंड होणे मंदावते. शीट नेहमी एकाच दिशेने वाकू लागली की प्रथम या नळ्या तपासाव्यात.

थंड करण्याचा वेगही मालाचे गुण बदलतो. सावकाश थंड केल्यास स्फटिकांचे प्रमाण वाढते, शीट कडक आणि जड होते. भरभर थंड केल्यास ती थोडी मऊ, पण चिवट राहते. म्हणूनच पॉलिएथिलीनच्या चाचणी-नमुन्यांसाठी आंतरराष्ट्रीय मानकांनी 180 अंशांवर दाबून मिनिटाला 15 अंशांच्या वेगाने थंड करण्याचे आणि 40 अंशांच्या आसपास साचा उघडण्याचे ठरवून दिले आहे. अशा नमुन्यांची सर्वसाधारण पद्धत आयएसओ 293 आणि एएसटीएम डी 4703 या मानकांत दिलेली आहे. गिऱ्हाईकाने चाचणीचा अहवाल मागितला, तर नमुना यांपैकी कोणत्या पद्धतीने काढला, हे त्यात लिहावे. वेगळ्या वेगाने थंड केलेल्या दोन नमुन्यांच्या आकड्यांची तुलना निरर्थक असते. 12 मिमीच्या शीटला मिनिटाला 15 अंशांचा वेग साधत नाही आणि तसा अट्टहासही करू नये, कारण बाहेरचा थर घट्ट झालेला आणि गाभा अजून वितळलेला असला की आतील ताण वाढतो. गाभा 90 अंशांच्या खाली गेल्यावर दाब उतरवावा आणि साचा 40 ते 50 अंशांवर आल्यावर शीट काढावी.

काढल्यानंतर

शीट सपाट जागेवर ठेवून एक दिवस तशीच राहू द्यावी. माप आणि कातकाम त्यानंतरच करावे. पावडर पूर्ण जुळली आहे की नाही, हे पाहण्यासाठी कडेचा पातळ काप रंध्याने काढून उजेडासमोर धरावा. जाळीदार पांढऱ्या रेषा दिसल्या, तर कणांच्या सीमा अजून शाबूत आहेत, म्हणजे तापमान, वेळ किंवा दाब कमी पडला आहे. लेथवर कातताना अखंड लांब कातण निघाली, तर काम बहुधा ठीक आहे. ती भुगा होऊन पडू लागली, तर ती शीट पिकरसाठी देऊ नये. मध्यभागीच डाग असतील, तर हवा अडकलेली असते. कोपऱ्यातच कच्चेपणा असेल, तर प्लॅटनची कड थंड असते. सगळीकडे सारखाच असेल, तर वेळ वाढवावा. एकाच वेळी दोन गोष्टी बदलू नयेत.

जवळच्या पद्धती

टेफ्लॉन, म्हणजेच पीटीएफई, हा याच कुळातील असला तरी त्याची रीत उलटी आहे. त्याची पावडर साध्या तापमानाला, प्रति चौरस सेंटिमीटर 150 ते 350 किलो दाबाने घट्ट दाबतात, साच्यातून काढतात आणि मग मोकळ्या अवस्थेत भट्टीत 360 ते 380 अंशांवर भाजतात. 19 अंशांच्या आसपास या मालाचे स्फटिक रूप बदलते, त्यामुळे थंडीतल्या सकाळी, शेडचे तापमान त्याहून खाली असताना दाबलेला तुकडा भट्टीत तडकू शकतो; पावडर आणि साचा दोन्ही 23 अंशांच्या वर आणूनच दाबावे. भट्टीचा धूर छपराबाहेर काढावा, तापमान 400 अंशांपर्यंत जाऊ देऊ नये आणि पावडर लागलेल्या हाताने विडी ओढू नये, कारण जळत्या तंबाखूत गेलेल्या कणांच्या धुराने काही तासांत हुडहुडी भरून ताप येतो.

काचतंतूंची चटई मिसळलेल्या पॉलिप्रॉपिलीनच्या शीटपासून वाहनांचे भाग काढण्याची पद्धतही दाबाचीच आहे, पण तिथे शीट वेगळ्या भट्टीत 200 अंशांच्या वर तापवतात आणि 60 ते 80 अंशांच्या साच्यात झटकन दाबतात. साचा तापवून थंड करण्याचा वेळ वाचतो आणि एक भाग मिनिटाच्या आसपास निघतो. मात्र तापलेली शीट साच्याला टेकताच गोठू लागते, म्हणून प्रेस काही सेकंदांत मिटून पूर्ण दाबावर यावी लागते. रबरासाठी घेतलेली, सावकाश वर चढणारी प्रेस यासाठी उपयोगी नाही. तिच्यावर हे काम घेतल्यास भाग अर्धवट भरतो आणि काचतंतू कडेपर्यंत पोहोचत नाहीत.